शंभरातले अठ्ठ्याऐंशी

वॉगा वॉगा, ६ जून १९९९

चि. लिंडसेस व्हर्नाताईचे अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र पोचलं. थंडी मरणाची पडलीय. तुझ्या भाऊजींची, क्लॅरीची, उजवी बाजू झटक्यानंतर लुळी ती लुळीच. त्याला उचलणं मला एकटीला झेपत नाही रे, माझीही सत्तरी उलटली. पण वृद्धाश्रमात खोली ठरलीय, खिडकीवाली! तळ्याकाठची जागा विकून आलेले अठरा हजार डॉलर ऑगस्टअखेर अनामत भरायचे. क्लॅरी लहान मुलासारखा दिवस मोजतोय.

दुपारी नर्स येते, तेवढा वेळ मी क्लबात जाते. शुक्रवारच्या सोडतीत कच्च्या मटणाचं ताट लागलं, सहा चॉप्स आणि सॉसेजेस. जुगाराचं पोकी मशीन मात्र दुष्ट. तू ख्रिसमसला म्हणाला होतास की ही मशीनं शंभरातले अठ्ठ्याऐंशी परत देतात. एक्केचाळीस नंबरने मला निम्मेही दिले नाहीत. म्हणजे माझे त्याच्या पोटात अडकलेत ना? ते वसूल केल्याशिवाय मी हलणार नाही.

तुझ्या बायकोला, मोनाला, विचारलं म्हणून सांग. ताईवर जीव आहे तसाच असू दे.
तुझी ताई

न्यूकॅसल, १५ जून

ती. व्हर्नाताईस लिंडसेचा सा. न.,

पत्र वाचून माझा चहा थंड झाला. ताई, सव्वीस वर्षं मी ही मशीनं उघडली, दुरुस्त केली. त्यांच्या पोटात तुझं काही राहत नाही. तू बटण दाबलंस की आतली चिप त्या क्षणी आकडा उचलते. फिरणारी चित्रं नुसता तमाशा. काल तू किती हरलीस हे तिला ठाऊक नसतं आणि त्याची फिकीरही नसते.

अठ्ठ्याऐंशी हा आकडा सगळ्यांचा मिळून, लाखो वेळा बटण दाबल्यावरचा. त्यात कुणा तिऱ्हाइताला लागलेलं मोठं बक्षीसही आलं. शिवाय आलेले अठ्ठ्याऐंशी तू खिशात घालतेस थोडीच? पुन्हा लावतेस. त्याचे सरासरी सत्त्याहत्तर होतात, मग अडुसष्ट, मग साठ. क्लबाला फसवाफसवी करावी लागत नाही, तू बसून राहिलीस की झालं. तू तिथे पाऊल टाकू नकोस, गळ्याची शपथ.

मी ख्रिसमसला बिअरच्या भरात फुशारकी मारली, माझंच तोंड फोडायला हवं.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
लिंडसे

वॉगा वॉगा, ३ ऑगस्ट

चि. लिंडसेस आशीर्वाद,

शहाणा तू लहानपणापासूनच! मी तुझं पत्र चारदा वाचलं. लाखो वेळा दाबल्यावर आकडा जुळतो, हे तूच लिहिलंस. मग अर्ध्यावर सोडून उठणारा मूर्खच की! म्हणून मी बसले. रोज बसले.

अठरा हजारांतले सहाशे उरलेत. लिहून टाकलं एकदाचं. क्लॅरीला सांगितलेलं नाही. तो नर्सला खोलीत कुठला फोटो कुठे लावायचा ते सांगत असतो आणि मी स्वयंपाकघरात उभी राहते. मला लाज वाटते रे. तिथे बसले की तेवढा वेळ वाटत नाही.

ओरड हवं तेवढं, पण पत्र लिही.
ताई

न्यूकॅसल, ९ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.,

ओरडत नाही. माझ्या निवृत्तीच्या पैशातून अठरा हजार थेट वृद्धाश्रमात भरलेत, भाऊजींच्या नावाने. तुझ्या हाती दिले नाहीत, वाईट वाटून घेऊ नकोस. मोना तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. आभार मानू नकोस. सव्वीस वर्षं माझं घर तुझ्यासारख्यांच्याच शंभरातल्या बारांवर चाललं.

भाऊजी खिडकीत बसले की कळव. आमची आठवण ठेव.
लिंडसे

वॉगा वॉगा, २० ऑक्टोबर

प्रिय लिंडसेस क्लॅरीचा नमस्कार,

डाव्या हाताने लिहितोय, कोंबडीचे पाय समजून घे. व्हर्ना लिहीत नाही म्हणून मी लिहितोय.

खोली छान होती. पाच आठवडे राहिलो. मग ती एका दुपारी येऊन पलंगाशी रडली. म्हणाली, मी खोली सोडली तर अनामत परत मिळते, आता थोडक्यासाठी एक्केचाळीस नंबरवरचं सगळं अडलंय. सही माझीच लागणार होती. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, बाबा. मी केली. तुझे पैसे होते हे ठाऊक असून केली. शिव्या घालायच्या तर मला घाल.

त्यातलं काही उरलेलं नाही. आता पाठवू नकोस, एक सेंटही नको.

रोज सकाळी क्लबाची फुकट बस दारात येते. व्हीलचेअर चढवायला ड्रायव्हर मदत करतो, भला माणूस आहे. क्लबातली रीत तुला ठाऊकच आहे: कुणी उठलं की खुर्ची मशीनला तिरकी टेकवून जातं, म्हणजे ती जागा दुसरं कुणी घेत नाही. व्हर्ना पेन्शन काढायला जाते तेव्हा खुर्ची टेकवत नाही. मला एक्केचाळीस नंबरसमोर ठेवून जाते.

तुझ्या ताईवरची माया सोडू नकोस.
क्लॅरी