न चाखलेली आमटी

३१ मार्च, सोमवार

नारायणगावला सिनेमा पाहून आलो. तेजस्विनी पाडव्याला पुण्याहून पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आली आहे, लेकीचाच हट्ट. "आप्पा, तुमच्याच धंद्याचा हाय, चला."

एका नावाजलेल्या आचाऱ्याच्या आयुष्यावरचा, पण सगळा हसण्यावारी नेलेला. त्या माणसाचं पोट आधी दारातून आत येतं, मग तो. एका मोठ्या लग्नात रस्सा चाखून चाखून पातेलं अर्धं करतो, मग उरलेल्यात पाणी ओतून "ही आमची खास रीत" म्हणून वाढतो. पाहुणे वाहवा करतात! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. किती दिवसांनी.

तेजस्विनीची आई, कुशा, तीही पदर तोंडावर धरून हसत होती. पण तो इकडंतिकडं बघून हळूच पळी तोंडाला लावतो, तिथं ती एकदम गप्प झाली.

येताना जीपमध्ये म्हणालो, "आपल्या मारुतीपुढं असं केलं तर गाव हाकलून देईल."

ती बाहेर बघतच म्हणाली, "त्याला चाखाया मिळतं, म्हणून त्याचं नाव झालं. तुमाला मिळतं व्हय?"

१ एप्रिल

कंबर धरली आहे. तरी ते पोट आठवलं की हसू येतं.

३ एप्रिल, गुरुवार

सावळेराम अण्णा आले होते. देवळाचं सगळं तेच बघतात. "हौशीराम, हनुमान जयंतीला काल्याची कढई तुझीच बरं का." नाही म्हणायचं होतं. तोंडातून निघालं — बरं.

कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथं लिहितो. करोनाच्या तापात माझा वास गेला, तो परत आलाच नाही. जिभेला खारट-तिखट कळतं. नाक मेलं.

माझ्याआधी कढई सांभाळणाऱ्या गेणभाऊंनी मला तिथं उभं केलं तेव्हा एकच गोष्ट बजावली होती. नैवेद्य दाखवेपर्यंत आमटीचा थेंब जिभेला लावायचा नाही. देवाच्या आधी कुणी नाही. "वाफेवर मान धर. मीठ कमी का जास्त, वाफ सांगती." आणि खरंच सांगायची. वीस वर्षं मी तिच्यावरच आमटी केली.

आता मान धरतो तर नुसती गरम हवा लागते. मीठ जुन्या अंदाजानं ओंजळीनं टाकतो. पण डाळ दर वर्षी वेगळी, पाणी वेगळं. तरी वास गेल्यानंतरची तिन्ही वर्षं आमटी बरोबर उतरली. मी समजलो, मारुती सांभाळून घेतो.

त्याला तरी किती वर्षं राबवायचं? भाकरी घराघरांतून येतात, आमटी तेवढी माझी. ती बिघडली तर सात दिवस चाललेल्या सप्त्याचा शेवटचा घास बिघडला. आणि सगळ्यांसमोर वाफेवर मान धरून, कळल्यासारखी मान हलवायची. कढई ढवळून एवढा थकत नाही मी. त्या मान हलवण्यानं थकतो.

कुशाला म्हणालो, "अण्णांना निरोप देतो. यंदा जमायचं न्हाई. थकलोय."

"यंदाचं करा," म्हणाली. "पुढलं पुढं."

९ एप्रिल

मसाला भाजला. रंगावर. तेजस्विनी अंगणातून ओरडली, "आप्पा, वास लई भारी सुटलाय!" हो म्हणालो.

१२ एप्रिल, शनिवार

काला झाला. हात भरून आलेत, तरी लिहितो.

आमटीला उकळी आली. मीठ टाकलं, वाफेवर मान धरली, हलवली. मग नैवेद्याचं ताट भरण्याआधीची अंघोळ करायला गेलो. तेवढा वेळ कढईपाशी कुशा असते, दर वर्षीच. विहिरीपर्यंत गेलो आणि धुतलेलं धोतर देवळामागं दोरीवरच राहिल्याचं ध्यानात आलं. परत फिरलो.

कुशा पाठमोरी होती. पळीतली आमटी तळहातावर घेतली, फुंकली, जिभेला लावली. जरा थांबली. मग डब्यातून मीठ काढून कढईत टाकलं. ढवळलं. पुन्हा तळहात. मग हात धुतले आणि मारुतीच्या दिशेनं जोडले.

मी धोतर घेतलं आणि आलो तसा गेलो. अंघोळ केली. पाणी अंगाला लागल्याचं कळलंही नाही.

ताट मीच भरलं. पुजारी घेऊन निघाला तेव्हा थांबा म्हणावंसं वाटलं. उष्टं आहे. कळत असून गप्प राहणं हे माझंच पाप. पण समोर गावच्या भाकऱ्यांचा ढीग, पोरं पंक्तीत बसलेली. घंटा वाजली.

आमटी बरोबर उतरली होती. अण्णा तीनदा वाटी पुढं करून म्हणाले, "राव, हात हाय का काय हाय तुझा!"

१३ एप्रिल, रविवार

तेजस्विनीला सकाळच्या एसटीत बसवलं. घरी आल्यावर कुशाला विचारलं, "किती वर्षं?"

तिनं निवडायची मेथी खाली ठेवली. कशाचं म्हणून विचारलं नाही. "तुमचा वास गेल्यापासनं. हे चौथं."

"तुला कसं कळलं?"

"अवं, दूध करपून घरभर धूर झाला अन् तुमी तिथंच पेपर वाचत बसला व्हता. मला कळाया काय लागतंय."

"देवाच्या आधी चाखलंस, कुशा."

"व्हय. देवाला दर वर्षी सांगते मी, हे माझ्या नावावर धर म्हणून." मेथी पुन्हा हातात घेतली. "तुमालाच सांगायचं ऱ्हायलं व्हतं."

त्या सिनेमात हसता हसता ती का गप्प झाली, ते आता कळलं.

१९ एप्रिल, शनिवार

मारुतीसाठी घरी आमटी केली. ताट वाढायच्या आधी पळी कुशापुढं धरली. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग देव्हाऱ्याकडं. चाखली.

मीठ कमी होतं.