शेवट नसलेल्या कहाणीच्या अक्षता

आई, तुला वाचता येत नव्हतं आणि आता तर तू नाहीसच, म्हणजे माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढायला कुणी उरलं नाही. चौथीच्या अकलेवर लिहिते आहे. मी जयपुरात असते, बनी पार्कात, मुलाकडे. तुझी पणती, म्हणजे माझी नात, सीतापुऱ्याच्या कॉलेजात युरोपातली आजकालची पुस्तकं शिकवते. वर्गात सांगायचं ते आधी माझ्यावर करून बघते. थंडीत गच्चीवर उन्हाला बसायचं, तिने इंग्रजीत बघत मराठीत सांगायचं, अडलं की हिंदीत. पहिल्या दिवशी तिने पुस्तक उघडलं आणि मी हातातले मटार ठेवून चिमूटभर तांदूळ घेऊन आले. तुझीच शिस्त. श्रावणात कहाणी सांगताना तू आमच्या मुठीत अक्षता द्यायचीस. सुफळ संपूर्ण होईपर्यंत मूठ उघडायची नाही, मधे उठायचं नाही. धाकट्याला शू लागली तरी म्हणायचीस, "धरून ठेव, राजा अजून वनात आहे."

तर या पुस्तकांत राजाच नाही. "आजी, मतलब, तिकडे आता असंच लिहितात. स्वतःचीच आई, स्वतःचंच स्वयंपाकघर. सजवायचं नाही." म्हटलं, हे तर नळावर पाणी भरताना फुकट ऐकायला मिळतं. एकीची आई दुसऱ्यांच्या फरश्या पुसते, एकाचा बाप कारखान्यात कंबर मोडून घरी बसलाय, आणि शिकून मोठी झालेली लेकरं त्यांचंच लिहितात. एक जण पानंच्या पानं पूर्णविराम देत नाही. म्हटलं, श्वास घे रे मेल्या. आणखी एक जण देश सोडून आलेला, परक्या भाषेत लिहितो, म्हणून त्याच्या आईला ते वाचता येत नाही. त्याला म्हणावं, माझी आई माझ्याच भाषेची, तिलाही येत नाही. नावं ठेवायला बसले होते, आणि ऐकतच राहिले. खोटं बोलत नाहीत गं ही माणसं. कुणाला देवी करत नाहीत, कुणाला कैदाशीण करत नाहीत. आपल्या कहाणीत बाई उतली-मातली की लगेच दरिद्री होते. इथे बाई चुकते आणि दुसऱ्या दिवशी बटाटे सोलते. फक्त शेवट करत नाहीत. पुस्तक मिटतं आणि मी मूठ आवळून बसलेली. "आता या अक्षता टाकू कुठे?" तर म्हणते, "कुंडीत टाक, चिमण्या खातील."

परवा तिने एक पुस्तक काढलं. एक आई सकाळी मुलांचं जेवण झाकून ठेवते आणि घर सोडून जाते. लेक मोठेपणी लिहिते, पण शिव्या देत नाही की माफ करत नाही. टेबलावर काय झाकलं होतं तेवढं सांगते. आणि मी गच्चीवरून उठून सोलापूरच्या घरात उभी आहे. चुलीपाशी पिठल्यावर ताट झाकलेलं आहे, तू नाहीस. काही महिन्यांनी, थंडी पडल्यावर आलीस. पदर खोचलास, परात ओढलीस, म्हणालीस, "पीठ कुणी चाळलं नाही वाटतं." बापाने विचारलं नाही, मीही नाही. म्हातारी होऊन माझ्या मांडीवर गेलीस तेव्हाही नाही.

त्याच दिवशी पोरगी म्हणाली, "आजी, तुझी आई कशी होती? मला लिहायचंय." सुगरण होती म्हटलं असतं तर सुटले असते, मेल्यावर प्रत्येकीची आई सुगरण असते. पण मग तुझं पिठलं उरलं असतं आणि तू गेली असतीस, पुन्हा. आज सकाळी सगळं सांगितलं. "लिही," म्हटलं, "पण ती का गेली ते आपल्या मनचं घालू नकोस. मलाही माहीत नाही."

"आणि शेवट?"

"तिने भाकरी थापली. आम्ही जेवलो."

एक मात्र तिला सांगितलेलं नाही. परवा त्या पुस्तकातली आई परत येते की नाही, हे कळायच्या आतच मी मधे उठले. दूध उतू जातंय म्हणाले. गॅसवर दूध नव्हतं. अक्षता अजून पदराच्या गाठीत आहेत.