वीणा खाली टेकवायची न्हाई

वडिवळे

नवनाथा,

परवा फोनवर तू हसत इचारलंस, "दादा, तू कधीपास्नं देव मानायला लागलास?" देवळात जायचंय म्हणून मी फोन ठिवला. हे पत्रबी धाडणार न्हाई, तुझ्याकडनं तुझ्या वैनीला खरं कळंल.

दारू सोडतो म्हटलं की दोस्त हसायचे. डाक्टरचं नाव सांगितलं तरी गिलास पुढं यायचाच. मग गळ्यात माळ घातली, आन् सगळे गप झाले. माळकऱ्याला कोण आग्रह करत न्हाई. एवढ्यासाठीच घातली रं.

आता देवळात सप्ताह चाललाय. वीणा सतत कुणीतरी धरून उभं राहायचं, ती खाली टेकवायची न्हाई. पाळी बदलायला गडी आला की मी म्हणतो, "जा, जेवून ये, मी हाय." पाय सुजलेत. लोक म्हणत्यात, काय भक्ती! तुझी वैनी तर माझ्या पाया पडती.

देव हाय का न्हाई, मला ठावं न्हाई. वीणा धरली की गिलासाला हात उरत न्हाई, एवढंच कळतं.

उद्या काला. सप्ताह संपंल, वीणा उतरवत्याल, आन् माझे दोन्ही हात मोकळे व्हत्याल.

तुझा दादा,
रोहिदास