आजी, जरा वेष बदलून ये

छत्रपती संभाजीनगर,
दि. ४ नोव्हेंबर २०२४

ती. आजीस,
रोहिणीचा सविनय जयभीम, वि. वि.

तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, १८ डिसेंबर. आठ दिवस माझ्याच खोलीवर राहायचं, नाही म्हणायचं नाही. फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि पुढचं ओरडून सांगण्यासारखंही नाही, म्हणून लिहिते.

इथे चार घरांतून आडनाव ऐकून मला परत पाठवलं. पाचव्या दारात, म्हणजे रेणुकाबाईंकडे, मी खिल्लारे न सांगता देशमुख सांगितलं. आधारकार्ड नंतर देते म्हटलं. तेव्हा तू आलीस की त्यांना जयभीम घालू नकोस, नमस्कार म्हण. कुलदैवत विचारलं तर खंडोबा सांग. रागावलीस ना? पण ही खोली गेली तर माझ्या कामाच्या लॅबजवळ दुसरी मिळायची नाही गं.

पिंकीला गोड पापा. तुझी माया अशीच राहू दे.
तुझी,
रोहिणी

वालूर, ता. सेलू,
दि. ११ नोव्हेंबर २०२४

चि. रोहिणीस,
आजीचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल.

रागावले. मग तुझी आठवण आली आणि राग निम्मा झाला. नमस्काराचा सराव सुरू केलाय. काल गल्लीत दिसेल त्याला हात जोडले, तर शेजारची सरजाबाई घाबरून तुझ्या बापाकडे गेली. म्हणाली, कुसुमबाईचं डोकं फिरायलंय, लवकर दवाखान्यात न्या. तुझी बहीण पिंकी पोट धरून हसली.

पिंकीच्या इंग्रजीच्या पुस्तकात एक राजा डिसगाइज करतो. अर्थ विचारला तर म्हणाली, ओळखू येऊ नये म्हणून वेष बदलणं. तो फाटके कपडे घालून हिंडतो, लोकांच्या मनातलं ऐकतो आणि राजवाड्यात जाऊन ते कपडे उतरवतो. बाई, तू तुझे कधी उतरवणार? झोपेत तरी खिल्लारे असतेस का?

मी सहा वर्षांची असताना माझ्या बापाने घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले. तेव्हापासून कुणाला खोटं दैवत सांगितलं नाही. तुझ्यासाठी सांगेन. डोळे पाहिजेत ते तुला बघायलाच. पण ऐन वेळी जीभ अडखळली तर मला बोल लावू नकोस.

जेवत जा. जीव लावतेस तसा लाव.
तुझी आजी,
कुसुमबाई

छत्रपती संभाजीनगर,
दि. २९ नोव्हेंबर २०२४

ती. आजीस,
सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी आधारकार्ड घेऊन रेणुकाबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. दोन दिवसांनी म्हणाल्या, भाचा येणार आहे, खोली लागेल.

नवी खोली मिळाली. लॅबपासून लांब आहे, पण खऱ्या नावाने घेतलीय. तेव्हा ऑपरेशनची तारीख तीच, सराव बंद कर.

आजी, त्या वाईट नाहीत गं. मला ताप होता तेव्हा तीन दिवस त्यांनीच काढा दिला. निघताना स्टीलच्या डब्यात लिंबाचं लोणचं भरून दिलं, त्यांचे डोळेही भरले होते. म्हणाल्या, डबा परत आणू नकोस. मी हो म्हटलं. साधी वाटी दिली तरी दुसऱ्या दिवशी मागून नेणारी ती बाई! रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून लोणचं तसंच आहे, माझ्याने खाववत नाही.

लवकर ये. तुझ्या मायेची आता फार गरज आहे.
तुझी,
रोहिणी

वालूर, ता. सेलू,
दि. ८ डिसेंबर २०२४

चि. रोहिणीस,
अनेक आशीर्वाद.

लोणचं खा. लिंबाने तुझं काय वाकडं केलंय? पत्र पिंकीने वाचून दाखवलं, तेव्हा मी रडले. तुझा बाप सिद्धोधन उठला आणि सेलूला जाऊन माझं तिकीट काढून आला.

डबा घासून ठेव. डोळ्याची पट्टी निघाली की आधी तुझं तोंड बघेन, मग शेंगदाण्याचे लाडू करू. त्या डब्यात भरून आपण दोघी रेणुकाबाईंकडे जाऊ. मी जयभीम घालीन, माझं पूर्ण नाव सांगीन. माझ्या नातीला तापात काढा दिला, त्याचे उपकार मानीन. त्यांनी डबा घेतला तर घटकाभर बसू. नाही घेतला तर तिथेच त्यांच्या ओट्यावर बसून दोघी लाडू खाऊ आणि घरी येऊ.

तुझ्यावर जीव आहे, तो असाच वाढत जावो.
तुझी आजी,
कुसुमबाई खिल्लारे