लाल दिवा असताना मागचे फाटक न उघडल्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
विज्ञान महाविद्यालय, अमरावती

विषय : तपासणी समितीच्या अध्यक्षांना वीस मिनिटे फाटकाबाहेर उभे ठेवल्याबद्दलची नोटीस मागे घेण्याबाबत.
संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस, दि. ७ फेब्रुवारी २०२५.

मा. महोदय,

मी नऊ वर्षांपासून मागच्या लोखंडी फाटकावर पहारेकरी आहे. फाटकालगत डॉ. नगमा मॅडमची हृदय-प्रयोगशाळा आहे. तिथल्या यंत्रातले सेन्सर अतिथंड द्रवात बुडवलेले असतात आणि अंगाला एकही वायर न लावता हृदयाचे चुंबकीय ठोके टिपतात. हे ठोके इतके बारीक असतात की माझे फाटक हलले तर कागदावर फाटकच उमटते, हृदय नाही. म्हणून नोंद चालू असल्याचा लाल दिवा लागलेला असताना फाटक उघडू नये, असा मॅडमचा लेखी आदेश आहे. प्रत सोबत जोडली आहे.

गुरुवार दि. ६ रोजी धारणीकडच्या फुलवंती कासदेकर यांना आत घेतले. सातवा महिना. पोटातल्या बाळाचा ठोका मध्येच चुकतो अशी शंका तिकडच्या डॉक्टरांनी लिहून दिली होती. दिवा लागला आणि अध्यक्ष साहेबांची गाडी आली. पुढच्या फाटकात त्यांच्याच स्वागताचा मांडव घातल्याने ती तिकडून शिरत नव्हती.

आरोपांबाबत खुलासा येणेप्रमाणे :

१) उद्धट उत्तर. साहेबांनी विचारले, "मी कोण आहे, माहीत आहे का?" मी म्हणालो, "माहीत आहे ना साहेब. पण तुमी लोखंडाच्या गाडीत बसून आहा, म्हणून थांबवून राहिलो." यात उद्धट शब्द कोणता, ते नोटिशीत नमूद नाही.

२) पट्टा काढायला लावणे. भिंतीवरून येतो, असे साहेब स्वतः म्हणाले. भिंत प्रयोगशाळेला लागून, आणि पट्ट्याचे बक्कल पोलादी. मी विनंती केली, त्यांनी पट्टा काढला. पॅन्टचा सगळा कारभार पट्ट्यावरच चालतो, ही माहिती त्यांनी दिली नव्हती. ती भिंतीवर चढल्यावर सर्वांना मिळाली.

३) फोटो पसरवणे. माझा मोबाईल प्रयोगशाळेच्या पेटीत जमा होता. मांडवातून साहेबांना घ्यायला मागे आलेल्या प्राध्यापकांकडे मात्र प्रत्येकी एक होता.

४) हसणे. मान्य आहे.

दिवा विझल्यावर मॅडम धावतच बाहेर आल्या. "चंद्रभानभाऊ, सापडलं! ठोका चुकतो तो नेमका याच वीस मिनिटांत उमटला." त्याच दुपारी फुलवंतीबाईंना दवाखान्यात भरती करून औषध सुरू झाले. काल त्यांच्या सासू माणिकबाई फाटकाशी येऊन म्हणाल्या, "आता बराबर चालून राह्यलं म्हणते डॉक्टर." त्या वेळी मी ड्युटीवर असताना डोळे पुसले. ही कसूर असल्यास पाचवा आरोप धरावा.

येत्या गुरुवारी अकरा वाजता फुलवंतीबाईंची दुसरी नोंद आहे. समितीही त्याच वेळी पुन्हा येत असल्याचे समजते. फाटक बंद राहील.

तरी मला कामावरून काढायचेच ठरले असल्यास कृपया शुक्रवारी काढावे, ही विनंती.

आपला, निर्णय होईपर्यंत पहारेकरी,
चंद्रभान डोमाजी इंगळे
अमरावती, दि. ११ फेब्रुवारी २०२५