फोनच्या मागून

आचरा

प्रिय अनुजा,

रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर भेटतो, मग हे पाकीट कशाला, असं तुला तिकडे मस्कतला वाटेल. फोनवर बाबा शेजारीच असतात, आलेले मेसेजही तेच मोठ्याने वाचतात. म्हणून हे लिहून शेजारच्या गंगारामभावजींकडे देते आहे. ते कणकवलीला निघालेत, पोस्टात टाकतील.

गावपळणीचे फोटो तुला आवडले. वेशीबाहेरची आपली झावळ्यांची झोपडी, उघड्यावरची चूल, हसणारे बाबा. तू लिहिलंस, बाबा किती खूश दिसतायत. त्या सकाळी काय झालं ते तुला सांगितलंच नाही. जाग आली तर त्यांची चटई रिकामी. देवाचा कौल घेऊन सारा गाव बाहेर पडलेला. परतीचा कौल होईपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही, हे त्यांनीच तुला लहानपणी शिकवलं होतं. आणि ते एकटेच घरी गेले होते. वेशीवर सगळे थबकले. भावजी म्हणाले, "वयनी, तुमी हयसर रवा. देवाक काय सांगूचा ता मी बघतंय." भावजींनी नंतर सांगितलं, बाबा ओट्यावर चहाची वाट बघत बसले होते. त्यांनी विचारलं, "गंगाराम, गाव खंय गेलो रे?" भावजींनी थट्टेवारी नेलं, "तुका सोडून पळालो. चल आता." बाबा परत आले ते भावजींचा हात घट्ट धरून. फोटो त्यानंतरचा.

डॉक्टरांना दाखवलंय. विसर वाढत जाईल म्हणाले. कॉलवर तुला ते ठीक वाटतात, कारण फोन मी धरलेला असतो. तुझ्या रियाची शाळा, जावयांची बदली, मी फोनमागून नुसते ओठ हलवते आणि ते बोलतात. तुला घोर नको म्हणून सुरू केलं. आता तुझ्या कॉलची वेळ झाली की फोन उचलायची मलाच भीती वाटते. रोज ते तुला दिसतात, म्हणूनच तुला काही कळत नाही.

परवा तू टाटा केलंस, फोन बंद झाला. बाबा म्हणाले, "चेडू बरा आसा गो. रोज आपली चवकशी करता. कोणाचा ता?" मी म्हटलं, आपलाच, आपली अनुजा. त्यांना ती थट्टा वाटली, हसले. बाय माझी, मे महिन्याच्या सुट्टीची वाट बघू नकोस, आधीच ये. ओट्यावर तुझा आवाज ऐकला तर ओळखतील, असं मला अजून वाटतं.

तुझीच,
आई