अकरा दिवसांत कुणकेश्वर

कुणकेश्वर, समुद्रावर, गाडीतूनच.

तीर्थरूप काशीरामदादास, जयवंताचा शिरसाष्टांग नमस्कार. (खरोखरच साष्टांग घालून पाहिला. पाय दाराबाहेर वाळूत गेले आणि डोकं शेगडीखाली, म्हणून उठताना जानकीचा हात धरावा लागला.) तुझी तब्येत कशी आहे? वहिनींचे गुडघे कसे आहेत? आणि तुझा उजवा हात? थंडीत ठणकतो का? त्या हाताची चौकशी मी करावी म्हणजे मांजराने दुधाची चौकशी करण्यासारखं आहे, पण सात वर्षं रोज मनात केली, आज कागदावर करतो. पत्रात तुला ‘तुम्ही’ म्हणणार होतो, पण तसं लिहिलं की आपण अजून भांडलेलेच आहोत असं वाटतं. म्हणून तूच.

झालं असं, की मी निवृत्त झालो आणि आपल्या हर्षदने आईबापाला कॅरॅव्हॅन भाड्याने घेऊन दिली. कॅरॅव्हॅन म्हणजे मिनीबसच्या पोटात बिऱ्हाड. दोन पलंग, मोरी, शेगडी, फ्रिज, आणि जानकीने मुलुंडहून आणलेली तुळसही. महामार्गाने जायचं नाही, समुद्र धरून रमतगमत जायचं, हे जानकीचं फर्मान. मी म्हटलं, झकास. मुलुंड ते आपली वाडी ही दहा-अकरा तासांची वाट, आणि आज अकरावा दिवस आहे! हर्षद रोज फोन करून विचारतो, बाबा, नकाशावर तुमचा ठिपका हलत का नाही?

दोष माझ्या पायाचा आहे. तीस वर्षं बस चालवलेला पाय तो. एसटीचा थांबा दिसला की माझ्याआधी त्यालाच दिसतो, आणि गाडी थांब्याला लागून उभी राहते. आता दार उघडं, पायरी खाली, मग माणसं चढणारच ना! श्रीवर्धनच्या अलीकडे एक कोळीण पाटीसकट चढली आणि थेट पलंगावर बसली. केळशीला दोन शाळामास्तर मोरीच्या दाराला टेकून निवडणुकीवर बोलत राहिले. काल देवगडच्या पुढे एका म्हाताऱ्या बाईने माझ्या नाकासमोर आधार कार्ड धरलं (पंच्याहत्तरीच्या वरच्यांना एसटी फुकट ना!) आणि म्हणाली, “कुणकेश्वराक सोड रे झिला, फोटो माझोच आसा.” तिला काय सांगू, की आजी, हे आमचं घर आहे? जानकीने तिला पोहे दिले. पोहे खाऊन ती म्हणाली, गाडी बरी आहे, पण कंडक्टर बाई ठेवलीत ते अधिक बरं केलंत.

ते खरंच आहे. दोनदा घंटी वाजल्याशिवाय माझा हात गिअरवर जात नाही. पहिल्या दिवशी अलिबागला चहा पिऊन बसलो, तो अर्धा तास नुसता बसूनच. जानकीला वाटलं मला समुद्र आवडला. शेवटी तिच्या ध्यानात आलं आणि तिने चमचा ताटलीवर दोनदा वाजवला. तेव्हापासून कोकणचा किनारा आम्ही असा ताटली वाजवत उतरतो आहोत. (दाभोळच्या फेरीबोटीवर तिने चुकून आमटी ढवळताना वाजवली. वाट लागणार होती, थोडक्यात बचावलो.)

पण दादा, एक सांगतो. चालकाशी बोलू नये, अशी पाटी माझ्या डोक्यावर तीस वर्षं होती, आणि मला वाटतं ती मी घरीही नेत होतो. डेपोतून आलो की जेवायचं आणि झोपायचं. आता जानकी शेजारच्या सीटवर बसते आणि बोलते. खाडी आली की खाडीवर, सुरूचं बन आलं की सुरूवर, आणि बाकी सगळा वेळ आपल्या वाडीवर. लग्न होऊन आली तेव्हा विहिरीचा रहाट तिला ओढवेना, म्हणून तू कुणाला न सांगता पहाटे पाणी भरून ठेवायचास, हे तिने मला चौतीस वर्षांनी गुहागरच्या उतारावर सांगितलं. मला डोळे पुसायला गाडी बाजूला घ्यावी लागली. तिथे थांबा नव्हता.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार.

तुझा,
जयवंत

ता. क. पायाचं वर लिहिलं ते खरं, पण अर्धंच. रत्नागिरीनंतर थांबा नसतानाही मी थांबत होतो. वाडी जवळ येते तसा माझा धीर सुटतो. ओटीवरचं सारवण उखडून, तुला न विचारता, मुंबईहून गुळगुळीत लाद्या पाठवून बसवल्या त्या मीच. पहिल्याच पावसात तू घसरलास, हात मोडलास, आणि “तुझी मुंबय मुंबयत ठेव” म्हणालास. त्याचा राग मला कधीच नव्हता. माझं चुकलं ते उत्तर देताना. आपल्याकडे निघताना माणूस ‘येतो’ म्हणतो, भांडून निघाला तरी ‘येतो’च म्हणतो. मी ओटीवर उभा राहून ‘जातो’ म्हणालो. वहिनी आतून “असं म्हणू नये हो” म्हणाल्या, तरी मी शब्द फिरवला नाही. आता कोणत्या तोंडाने येऊ?

ता. क. २. तर विनंती एवढीच, की या गणपतीला आलो तर चालेल का, ते मुलुंडच्या पत्त्यावर कळव. आम्ही उद्या सकाळी इथूनच परत फिरतो.

ता. क. ३. भावोजी, हे अक्षर माझं, जानकीचं. परत फिरत नाही आहोत. सकाळी ताटली वाजवली आणि वाडीकडे जाणाऱ्या मिठबावच्या रस्त्याकडे बोट दाखवलं, तर हे निमूट वळले. चालकाने कंडक्टरचं ऐकायचं असतं. गाडी तुमच्या वळणावर उभी आहे आणि पत्र मीच हातात देते आहे. हे बेड्याबाहेर, अंगणाच्या फाटकापाशी उभे आहेत, चप्पल काढून, भर उन्हात. लाद्या, हात, गणपती, सगळं मागाहून बोला. आधी नुसतं ‘ये’ म्हणा. एकच अक्षर आहे, भावोजी, पण मोठ्याने म्हणा, इंजिनापाशी बसून बसून त्यांना हल्ली कमी ऐकू येतं.